मुक्या सोळा मैलांवरील स्वारी

ब्रॅकेट गावाबाहेरील पोकोर्नी ठाण्याच्या धनीण, गाईंच्या वैद्य, घोड्यांच्या दाढांच्या कर्दनकाळ, राजमान्य राजश्री डॉक्टर आर्डिथबाईसाहेब पोकोर्नी यांचे हुजुरास सेवक लॉयल पोकोर्नी, पेशा शाळेत इतिहासाची मास्तरकी, सांप्रत निवृत्त, हुद्दा नवरा, याचा अर्ज ऐसा जे: आपण हुकूम केला की घरास व गाडीस रेंजचे बूस्टर घेतले त्याची साद्यंत हकीकत कागदी उतरावी, म्हणजे जो पाहुणा विचारील त्याचे हाती कागद द्यावा आणि जेवणाचे मेजावर तीच कथा दहाव्यांदा ऐकावी न लागावी. हुकुमाचे मूळ शब्द, "तूच लिही, घोळ तुझा होता," ऐसे. ते शिरसा मानून सेवकाने काही न लपविता लिहिले आहे. तेहतीस वर्षे सेवकाने थोर थोर सेनापतींच्या चुका फळ्यावर मांडून पोरांस दाखविल्या. त्या सर्व चुका या एका मोहिमेत सेवकाने स्वतः करोन पाहिल्या, आणि पदरच्या दोन घातल्या.

मुलूख ऐसा की, गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यांचे पोटी गाई, आणि माणूस पाच-सात मैलांस एक. अमेरिकेचे नेब्रास्का प्रांती याहून दाट वस्ती पुष्कळ, परंतु ती आमची नव्हे. रेंजचा मनोरा एकच, तो ब्रॅकेटात धान्याच्या कोठारामागे. तेथोन आमचे ठाण्यापावेतो रस्ता सोळा मैल, सारा खोलगटातून, आणि त्या सोळा मैलांत मोबाईल म्हणजे खिशातील आरसा. पूर्वी घरी तारेचा फोन होता. मग एके साली हिमवादळात खांब आडवे जाहले, ते उचलावयास कोणी आले नाही. घरचे इंटरनेट उपग्रहावरून येई, ते ऊन असता उत्तम चाले आणि बर्फ पडताच मुके होई. आणि आमचे गाईंचा रिवाज असा की बर्फ पडतानाच व्यावे. तेव्हा बाईसाहेबांनी फर्माविले की बूस्टर म्हणोन यंत्र मिळते, बाहेरचे अँटेनाने अशक्त रेंज पकडून आतल्याने वाढवून सोडणारे, एक घरास आणि एक गाडीस, त्याची तजवीज करावी. सेवकाने उत्तर केले, "बघतो." या एका शब्दावर सेवकाने तीन वर्षे राज्य केले.

मग मार्च महिन्याचे दुसरे मंगळवारी ते राज्य बुडाले.

उत्तरेचे टेकडीवर ऑर्व्हिल स्काला याचे ठाणे. वय चौऱ्याहत्तर, बायको ट्रूडी वारल्यास दोन वर्षे, घरी एकटा. ट्रूडीने बाटलीने दूध पाजून एक गाय वाढविली होती, तिची शेवटची कालवड त्या सकाळी, बर्फ पडत असता, पहिल्या वेताची अडली. वासराचे पाय उलटे. ऑर्व्हिलचे घर उंचावर, तेथे रेंज असे. त्याने बाईसाहेबांस सात वेळा फोन लाविला. ते समयी बाईसाहेब गोठ्यात अवजारे धूत होत्या, फोन त्यांचे खिशात. आणि सेवक मुदपाकखान्यात दालचिनीचे गोड पाव वळीत होता, फोन पिठाचे डब्यावर. दोन्ही फोन काठोकाठ चार्ज केलेले, आणि दोहोंत जीव नाही. मग ऑर्व्हिल अडली कालवड तशीच टाकून गाडी हाकीत आमचे दारी आला आणि टोपी हाती घेऊन म्हणाला, "फोन लावला होता." बाईसाहेब उभ्या पावली निघाल्या. पोहोचेतो कालवड गेली होती, वासरूही गेले होते.

बाईसाहेब दुपारी परतल्या आणि मोरीत बराच वेळ हात धूत राहिल्या. सेवकाने मागे उभे राहून अर्ज केला, "मी उद्याच शहरात जातो."

"तीन वर्षांपूर्वीचं उद्या का हे?" त्या म्हणाल्या.

सेवकाने पंचा पुढे केला.

"ऑर्व्हिलनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "कॉफी घेणार का, विचारलं त्यानं. ती तिथं पडलेली, आणि हा मला कॉफी विचारतोय."

आमचे मुलखात समोरून गाडी आली असता सुकाणूवरील एक बोट उचलावे, हाच मुजरा. दोन बोटे उचलणारा परका समजावा. गुरुवारी ऑर्व्हिल सेवकाचे समोरून गेला आणि बोट उचलले नाही. सेवकाची खातरजमा जाहली की दोष कोणाचे माथी आहे, हे टेकडीवरही ठाऊक जाहले. त्याच घटकेस सेवकाने मोहिमेचा संकल्प केला, आणि कोणास काही न विचारिता करावयाची हे ठरविले, कारण विचारणे हा सेवकाचा स्वभाव नव्हे.

प्रथम मसलतीत फोनचे पाठीस चिकटवावयाची सोनेरी पट्टी टपालाने मागविली; ती लाविता रेंज दुप्पट होते, ऐसा तिजवर लेख होता. शून्याचे दुप्पट शून्य, हे गणित शेजारचे वर्गात शिकवीत असत. सेवक इतिहासाचे वर्गात होता. पट्टीने दोन दिवस चकाकून तिसरे दिवशी अंग सोडिले आणि ती सेवकाचे पाटलोणीस चिकटून चर्चास जाऊन आली.

मग सेवक दोन तासांची मजल मारून शहरात पावला आणि एका मोठ्या दुकानी शिरला. दुकानदार पोक्त, चष्मा कपाळावर. सेवकाने फर्माविले, "एकच बूस्टर द्या. घरातही चालेल आणि गाडीतही."

"काका, तुम्ही घोडा आणि तबेला एकातच मागताय," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे?"

"घराचं यंत्र दांडगं, पण ते एका जागी बसून काम करतं. गाडीचं मुद्दाम कमी ताकदीचं असतं, कायदाच आहे तसा. हिंडतं म्हणून. त्याचा आतला तुकडा फोनच्या जवळ ठेवावा लागतो, हातभर अंतरात. गाडीतलं काढून घरात वापरता येतं, नाही असं नाही. पण मग एका खुर्चीपुरतीच रेंज मिळेल, आणि गाडी निघाली की ती खुर्चीही गेली." मग त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "घरी रेंज किती आहे?"

"नाही."

"नाही म्हणजे किती?"

सेवकास हा उपहास वाटला. वास्तविक तो या सर्व मोहिमेतील एकमेव शहाणा प्रश्न होता. दुकानदाराने विनविले की आधी घरी जाऊन मोजावे, अगदी थोडी तरी असावी लागते, मग त्याप्रमाणे यंत्र निवडावे. परंतु सेवक दोन तास गाडी हाकून आलेला, रिकाम्या हाताने परतणे म्हणजे शिकस्त. म्हणोन ज्या खोक्यावर सर्वांत मोठ्या हवेलीचे चित्र होते ते घरास उचलिले, आणि ज्या खोक्यावर डोंगर चढणाऱ्या गाडीचे चित्र होते ते गाडीस उचलिले. चित्रे पाहोन यंत्र निवडणारा सेनापती सेवकाने इतिहासात दुसरा वाचिला नाही.

घरी येऊन मोर्चे लाविले. बाहेरचा अँटेना ओसरीचे वळचणीस ठोकिला, आतला मुदपाकखान्याचे छतास. दोहोंत अंतर सहा फूट, कारण वायर वाकविण्याचे कष्ट वाचत होते. कळ दाबताच यंत्राने लाल दिवा लाविला आणि तो लुकलुकू लागला. सेवकाने त्यास विजयाची मशाल समजून बाईसाहेबांस पाचारण केले. बाईसाहेबांनी फोन पाहिला, दिवा पाहिला, सेवकास पाहिले, आणि गोठ्यात गेल्या. मग सेवकाने चार दिवस यंत्र बंद केले आणि चालू केले, चालू केले आणि बंद केले, आणि सोबतची पुस्तिका वाचिली. अर्धी वाचून जाहल्यावर ध्यानी आले की बाजू स्पॅनिश आहे.

गाडीचे मोहिमेची गत त्याहून थोर. बाहेरचा अँटेना चुंबकाचा, टपावर ठेविताच चिकटतो ऐसा लौकिक. परंतु बाईसाहेबांची पिकअप नवी, तिचे टप ॲल्युमिनियमचे, आणि तेथे चुंबकाचा अंमल चालत नाही. सेवकाने तो टपावर नुसता ठेविला आणि चिकटला ऐसे मानिले. बाईसाहेब निघाल्या, आणि तिसरे मैलास गाई अडवावयाची लोखंडी गजांची जाळी रस्त्यात आहे, तीवरून गाडी धडधडत जाताच अँटेना घसरला आणि वायरीस लोंबकळत दरवाजावर नौबत वाजवीत चालला. बाईसाहेबांस वाटले इंजिन फुटले. त्या उतरल्या, पाहिले, वायर गुंडाळून मागील पेटीत टाकिली, आणि सांजचे जेवणास सेवक मिरचीचे कालवण व गोड पाव पुढे ठेवीत असता आज्ञापत्र काढिले.

"माझ्या गाडीला हात लावायच्या आधी व्हर्नाला विचार."

"व्हर्नाला कशाला? मी पुस्तिका वाचतोय."

"कुठल्या भाषेत?" त्या म्हणाल्या.

व्हर्ना टॉफ्ट हिचे वय ब्याऐंशी. जिल्ह्याच्या वायरलेस खोलीत चाळीस वर्षे बसून तिने अँब्युलन्स आणि आगीचे बंब टेकड्यांतून नाचविले. कोणती टेकडी आवाज गिळते आणि कोणती परत फेकते, हे तिला तोंडपाठ. एक कान त्या नोकरीत खर्ची पडला, दुसरा शाबूत. ती आमचे घरापासून चार मैलांवर राहते, म्हणजे मोहिमेच्या पहिल्या दिवशी सेवकास दहा मिनिटांत गाठता आली असती. सेवकाने तिला सतरावे दिवशी गाठिले.

ती आली, मुदपाकखान्यात खुर्चीवर बसली, आणि छताकडे पाहू लागली.

"हे वर काय टांगलंयस?"

"आतला अँटेना."

"आणि बाहेरचा?"

"इथंच, भिंतीपलीकडे. ओसरीला."

व्हर्नाने हातचे विणकाम मांडीवर ठेविले. "चर्चच्या जेवणात पाद्रीबाबा माइक घेऊन स्पीकरसमोर उभे राहतात, तेव्हा काय होतं?"

"किंचाळतो स्पीकर."

"तुझं यंत्र तेच करायला बघतंय. आतला बोलतो ते बाहेरचा ऐकतो, बाहेरचा बोलतो ते आतला. फरक इतकाच, पाद्रीबाबा थांबत नाहीत. हे बिचारं लाल दिवा लावून गप्प बसतं." मग तिने विचारिले, "रेंज मोजलीस?"

सेवकाने अभिमानाने फोनचे पोटातील गुप्त पान उघडून दाखविले. ते त्यास पुस्तिकेचे स्पॅनिश नसलेल्या बाजूने सापडले होते. "मोजली ना. इथं एकशे एकवीस. तळघरात तर एकशे सव्वीस आहे. मी म्हणतोय यंत्र तळघरात हलवावं."

व्हर्नाने फोन आपलेकडे ओढिला.

"लॉयल, आकड्याआधी ती आडवी रेघ दिसते का?"

"दिसते."

"ती उण्याची खूण आहे. थंडीसारखं समज. उणे तीस बरं की उणे दहा?"

"उणे दहा."

"मग तळघरात काय आहे?"

"थंडी," सेवक म्हणाला. आणि तळघरात आधीच रोविलेले निशाण, म्हणजे भिंतीस पाडलेली दोन भोके, सेवकाने त्याच सायंकाळी गुपचूप बुजविली.

मग व्हर्नाने मोहीम आपले हाती घेतली आणि तिची आज्ञा ऐसी जे: यंत्र आवाज निर्माण करीत नाही, असलेला वाढविते, जेथे मुळात काहीच नाही तेथे ते काय वाढविणार. म्हणोन आधी हिंडावे, मोजावे, लिहावे, आणि जेथे थोडी तरी रेंज असेल तेथे बाहेरचा अँटेना न्यावा. त्याजवरून सेवक दोन दिवस फोन पुढे धरून सर्व ठाणे हिंडला. घरासमोर उणे एकशे एकवीस. गोठ्यामागे एकशे अठरा. जुन्या पवनचक्कीचे बुंध्याशी एकशे सोळा; आणि पवनचक्कीचे माथ्यावर, जेथे सेवक बाईसाहेब गावात असता चढिला, उणे एकशे एक. तेथोन ब्रॅकेटचे कोठाराचा पांढरा माथा टेकड्यांचे फटीतून अंगठ्याचे नखाएवढा दिसत होता. सेवक तेथे बराच वेळ उभा राहिला. इतके वर्षांत आपण कधी वर चढलो नाही आणि आवाज एवढा जवळ उभा होता, हे मनास लागले. आणि ऑर्व्हिलची कालवड आठवली.

खाली उतरतो तो बाईसाहेब दारी उभ्या.

"सदुसष्ट वर्षांचा आहेस तू," त्या म्हणाल्या.

"उणे एकशे एक आहे वर," सेवक म्हणाला.

बाईसाहेबांनी विचार केला, आणि हुकूम केला की चढावयाचे तर पट्टा बांधोन चढावे. आणि आडवी पडलेली गाय उचलावयाचा रुंद पट्टा गाडीतून काढून दिला. तोच ठाण्यात सर्वांत मजबूत होता. तो कमरेस आवळोन सेवक शनिवारी सकाळी दहा वाजता चक्कीचे माथ्यावर गेला. चक्र दोराने बांधिले होते. घरासाठी शहरातून बाणासारखा लांब अँटेना बदलून आणिला होता, जो एकाच दिशेस कान देतो, कारण मनोरा एकच; आणि तो मनोऱ्याकडे नेमका रोखावयाचा, बोटाबोटाने फिरवून. आतला अँटेना घराचे पलीकडील खोलीत, मध्ये तीन भिंती आणि साठ फूट वायर. अडचण इतकीच की आकडा घरात दिसणार आणि अँटेना चक्कीवर, आणि फोनने कळवावे तर फोनसाठीच सर्व खटाटोप. मग जासूद नेमिले: बाईसाहेब आत फोनपाशी, व्हर्ना ओसरीचे पायरीवर, शाबूत कान दाराकडे.

"एकशे बारा," आतून बाईसाहेब म्हणाल्या.

"एकशे बारा," व्हर्नाने वर पोहोचविले.

सेवकाने एक बोट फिरविले.

"एकशे सात."

"एकशे सात म्हणते."

आणखी एक बोट. वारा सुटला, पट्टा करकरला, सेवकाने खाली न पाहण्याचा निश्चय केला.

"शंभर," आतून आवाज आला.

"थांब रे," व्हर्ना वर ओरडली.

सेवक थांबला. आणि ती थांबलेली जागाच नेमकी होती. नंतर अर्धे बोट इकडे-तिकडे करोन पाहता आकडा बिघडला. बाईसाहेब बाहेर आल्या आणि विचारू लागल्या की शंभरावर कोणी थांबविले, व्हर्ना म्हणे 'थांब रे' तूच सांगितलेस, बाईसाहेब म्हणाल्या मी आकडा सांगितला. सेवकाचे सर्व कारकीर्दीत एवढा एकच निर्णय अचूक, तोही चुकीचा ऐकलेला. यंत्राचा दिवा हिरवा जाहला. मग गाडीचा बंदोबस्त व्हर्नाने अर्ध्या तासात केला: केबिनचे मागे लोखंडी चौकट आहे, तिला पट्टी कसोन गाडीचा अँटेना उभा केला, हा चहूकडे ऐकणारा, कारण गाडी वळते, आणि आतला तुकडा बाईसाहेबांचे आसनाशेजारी, फोन ठेवावयाचे खोबणीस लागून. फोनकंपनीचे दफ्तरी दोन्ही यंत्रांची नोंद करोन सनद घेतली, कारण नोंदीविना ती चालवू नयेत ऐसा कायदा. मग बाईसाहेब सोळा मैल रस्ता जाऊन मोजून आल्या: अकरा मैलांत फोन लागतो, मधले पाच मैल मुळातच कोरडे, तेथे यंत्राचा इलाज नाही. व्हर्ना म्हणाली, "पाच मैल देवाला असू देत."

एप्रिलचे तिसरे आठवड्यात पुन्हा बर्फ पडला. सकाळचे अकरा. बाईसाहेब पहाटेच एका ठाण्यावर अडलेली गाय सोडवावयास गेलेल्या, सेवक बटाटे सोलीत होता, आणि मुदपाकखान्यात काही वाजू लागले. सेवकाने आधी चूल पाहिली, मग घड्याळ पाहिले. मग उमगले की फोन आहे.

"आर्डिथ आहे का?" ऑर्व्हिलचा आवाज.

"बाहेर गेलीय. गाय अडलीय का?"

"नाही. गाय व्याली. वासरू उभं आहे, दूध पितंय."

"मग?"

"गायीनं मला फाटकात दाबलं. पाय उलटा दिसतोय."

"वासराचा?"

"माझा रे."

सेवकाचे हातचा बटाटा खाली पडला. "अँब्युलन्सला लावलास का?"

"तिथं गावातल्या शुल्ट्झचा जावई कामाला असतो. स्कालाला गायीनं चेंगरलं म्हणून गावभर सांगेल. आर्डिथला पाठव." मग थोडे थांबून, "जरा लवकर पाठव. बर्फात पडलोय मी. बोटं कळेनाशी झालीत."

सेवकाने बाईसाहेबांस फोन लाविला. त्या कोठे असतील, अकरा मैलांत की कोरड्या पाचांत, हे देव जाणे. पहिली घंटा गेली, दुसरी गेली. या दोन घंटांमध्ये सेवकाने तीन वर्षे पुन्हा भोगिली.

"बोल," बाईसाहेब म्हणाल्या.

तेहतीस वर्षे वर्गात अखंड बोलणारा सेवक इतकेच बोलू शकला: "ऑर्व्हिल. फाटक. पाय."

"त्याचा की गायीचा?"

"त्याचा."

"शुद्धीवर आहे?"

"जावयाबद्दल बोलतोय."

"म्हणजे आहे. अँब्युलन्सला तू लाव, त्याला विचारू नकोस. मग त्याला लाव आणि बोलत ठेव, झोपू देऊ नकोस. मी वळले बघ."

सेवकाने तैसेच केले. अँब्युलन्स निघाली, तिला चाळीस मिनिटे होती. मग ऑर्व्हिलला पुन्हा लाविला आणि बोलावयास सुरुवात केली, आणि वाऱ्याचा आवाज त्याचे बाजूने येत होता. सेवकाने त्यास गवताचे भाव विचारिले, वासरू नर की मादी विचारिले, आणि मग विषय संपले.

"ऑर्व्हिल, त्या मंगळवारी," सेवक म्हणाला, "तुझा फोन आला नाही, त्यात आर्डिथची चूक नव्हती. ती तीन वर्षं मला सांगत होती. मी बघतो म्हणत होतो."

पलीकडे बराच वेळ नुसता वारा.

"ऑर्व्हिल? झोपलास का?"

"नाही. ट्रूडी मला स्वयंपाकघराच्या छपराचं सांगायची," तो म्हणाला. "मीही बघतोच म्हणायचो."

"मग?"

"अजून गळतंय." मग तो म्हणाला, "गाडी आली बघ तुझ्या बायकोची. वासराला घाबरवू नको म्हणावं."

बाईसाहेबांनी त्यास घोंगड्यात गुंडाळिले, वासराचे मोडके पायास बांधावयाची फळी काढून त्याचे पायास बांधिली, वरोन निळी पट्टी गुंडाळिली, आणि गाडीतील फोनवरून अँब्युलन्सला वाट सांगितली. शुल्ट्झांचा जावई आला आणि हसला नाही. इस्पितळात डॉक्टराने पट्टी पाहोन विचारिले की ही कोणी बांधिली, फार सफाईने बांधिली आहे; ऑर्व्हिलने सांगितले, गुरांच्या डॉक्टरने. तेव्हा दारूचा वास येतो का म्हणोन त्यास हुंगून पाहण्यात आले, ऐसे तो सांगतो. यातील शेवटले वाक्य सेवकाचे जबाबदारीवर नाही. पाय सहा आठवड्यांत जुळला. सेवक आणि व्हर्ना मध्यंतरी त्याचे टेकडीवर जाऊन छप्पर पाहोन आले. सेवकास छपरावर चढू दिले नाही.

एथवर फत्ते. परंतु जिंकलेला मुलूख राखणे कठीण, हे सेवक पोरांस शिकवीत असे आणि स्वतः विसरला. मुलूख हाती येताच सेवक त्यात मनसोक्त संचार करू लागला. बाईसाहेब खोलगटात शिरल्या की फोन. चाळणी कोठे आहे. आज डाकेत काय आले ऐक. ढग आले आहेत. चाळणी सापडली. मेचे मध्यावर, वासरांचा हंगाम सरल्यावर, एके दुपारी सेवकाने फोन लाविला तो लागेना. सेवक हवालदिल जाहला, गाईचा पट्टा बांधोन चक्कीवर चढिला, अँटेना जागी. वायर तपासली, शाबूत. घरचा दिवा हिरवा. इतकियात गाडी आली. सेवक धावत गेला आणि चौकटीवरील अँटेना हलवून पाहू लागला.

"तो ठीक आहे," बाईसाहेब उतरत म्हणाल्या. "मीच बंद केलं होतं."

"का?"

त्यांनी बूट झटकले. "बावीस वर्षं त्या रस्त्यावर मला कोणी काही विचारलं नाही, लॉयल. गायीत हात घालून येते, लोकांशी बोलून येते, आणि मग ते मैल येतात. मला ठाऊक नव्हतं मला ते आवडतात. परवा तू ढगांचं सांगायला फोन केलास तेव्हा कळलं."

"ढग खरंच आले होते," सेवक म्हणाला.

"मला दिसत होते ते."

मग मेजावर कॉफी घेता घेता तह ठरला, आणि तो उभयपक्षी मान्य जाहला तो ऐसा: फेब्रुवारीपासून मेपावेतो, गाई विण्याचे दिवसांत, गाडीचे यंत्र रात्रंदिवस चालू राहील आणि त्यास कोणी हात लावणार नाही. कोणत्याही ऋतूत बाईसाहेब कामावर जाताना चालू राहील. काम आटोपून घराकडे वळल्यावर त्यांची मर्जी. सेवकाने चाळणी स्वतः शोधावी.

येणेप्रमाणे मुक्या सोळा मैलांवरील स्वारी सिद्धीस गेली. घर कायमचे हस्तगत जाहले. रस्त्यापैकी अकरा मैल सेवकाने व्हर्ना टॉफ्ट हिचे बुद्धीने, एका कानाने आणि गाईच्या पट्ट्याने जिंकिले, आणि त्याच वसंतात ते ज्यांचे होते त्यांस सन्मानपूर्वक परत केले. हे लिहिते समयी बाईसाहेब तेथेच कोठेतरी आहेत. फोन लागत नाही. बटाटे शिजले आहेत.